आर्डनच्या नावासमोरची खूण

हार्टवेल, १ ऑक्टोबर

प्रिय ऑड्रे,

काल आर्डनला निरोप दिला. सख्ख्या भावाला पोचवायला तुला येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पोटाची साथ आहे तोवर टॅमरॅक लॉजसारख्या वृद्धाश्रमातून कुणालाच बाहेर सोडत नाहीत आणि आत घेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

त्याला फार वेळ त्रास झाला नाही. धान्याच्या गोदामाजवळच्या चौकात तो स्वतःच्याच नावाची प्रचाराची पाटी ठोकत होता. गाडीतून जाणाऱ्या एका बाईला वाटलं, हा गवतात काही शोधतोय. ती मागे वळून आली तोवर संपलं होतं. अर्धी ठोकलेली ती पाटी नंतर कुणीतरी पूर्ण ठोकली. कुणी ते कळलं नाही.

चर्च भरलं होतं. महापौर डेलमोरही आला. मागे उभा राहिला आणि शेवटी खुर्च्या आवरायला थांबला. महापौरपदाची तिसरी उमेदवार मिशलिन थिबो हिने बटर टार्ट करून आणले. दोघांनी आठवडाभर प्रचार बंद ठेवायचं ठरवलं आहे. डेलमोर मला म्हणाला, "विनी, आर्डन नसताना भांडायचं तरी कुणाशी?" मी त्याचे आभार मानले.

नगर कार्यालयात निवडणुकीचं काम बघणारी डोरीन केळ्याचा केक घेऊन आली. मतदान टपालानेच आहे, आणि मतपत्रिका छापून घरोघरी जायला टपालात पडल्याही आहेत. त्यामुळे आर्डनचं नाव त्यांवर तसंच राहणार. हे सांगताना ती सारखी माफी मागत होती. शेवटी मीच तिला चहा करून दिला.

त्याची हिरवी टोपी तुला पाठवू का, की इथेच खुंटीवर राहू दे?

तुझी,
विनी

टॅमरॅक लॉज, ५ ऑक्टोबर

प्रिय विनी,

टोपी खुंटीवरच राहू दे. धुतली असशील तर मात्र माझ्याशी बोलू नकोस.

माझ्याहून सात वर्षांनी धाकटा होता. मी त्याला सायकल शिकवली, बर्फावर उभं राहायला शिकवलं, आणि हा माझ्या आधी गेला. रांगेत उभं राहणं त्याला कधी जमलंच नाही.

तुम्ही चर्चमध्ये होता त्या वेळी लॉटीने इथे खोलीत प्रार्थना म्हटली. माझ्या चांगल्या कानात ओरडून म्हटली. बाहेर नर्सला वाटलं, आमचं भांडण जुंपलं. जेवण अजून खोलीतच येतं, बहुतेक वेळा सूप. तुला माहीतच आहे, लॉटीला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही. मी तिला पेपर वाचून दाखवते, ती मला सांगते की दारावर कोण टकटक करतंय. नऊ वर्षं आम्ही दोघी मिळून एक धड म्हातारी होतो. नगराचं हे घर डेलमोरने विकलं, तर जिथे खाट रिकामी असेल तिथे एकेकाला पाठवणार. दोन खाटा शेजारीशेजारी कुठे रिकाम्या असणार आहेत?

मागच्या हिवाळ्यात आर्डन माझ्या खाटेच्या कडेला बसून म्हणाला होता, "ऑड, मी आहे तोवर विकू देणार नाही." आणि मग खरंच महापौरपदासाठी उभा राहिला. आयुष्यभर वजनकाट्यावर ट्रक तोलणारा माणूस! मी हसले होते त्याला.

मतपत्रिका आल्या. डेलमोर, हॅगर्टी, थिबो. मी लॉटीला नावं वाचून दाखवली तर ती म्हणाली, "मधलं परत वाच." मी आर्डनचं नाव परत वाचलं.

त्याच्या पाट्या कुणाला काढू देऊ नकोस. आम्ही इथे त्याच्यासाठी काहीतरी करतोय. काय ते आत्ता सांगत नाही. तू संकोचून नको म्हणशील. झालं की कळवीन.

तुझी,
ऑड्रे

हार्टवेल, ९ ऑक्टोबर

प्रिय ऑड्रे,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही तिथे जे करताय ते जरूर करा. मला वाटतं गोधडी असेल, किंवा बागेतला बाक. बाक त्याला आवडला असता. मी नको म्हणणार नाही.

थँक्सगिव्हिंगचा सण आला म्हणून लोक रोज काहीतरी आणून देतात. फ्रीजमध्ये जागा उरली नाही. काल शेजारचा मरे आणि त्याची बायको भोपळ्याचा पाई घेऊन आले.

"विनी, आम्ही दोघांनी आर्डनच्याच नावासमोर खूण केली हं," मरे म्हणाला.

"दुसऱ्या नावावर हातच जाईना," त्याची बायको म्हणाली.

"आणि डेलमोरला कळू दे जरा!"

मी आभार मानले आणि बशा काढल्या. आज सकाळपासून असं सांगणारे आणखी तिघं येऊन गेले.

ऑड्रे, डोरीन केक घेऊन आली त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती. आर्डनच्या नावासमोरची मतं मोजणार नाहीत. ती बाजूला ठेवतील. तशी सूचना कार्यालयाच्या दारावर लावली आहे. तुला लिहिताना हे वाक्य माझ्याच्याने लिहवलं नाही. पण आता ते लिहायला हवं. नगरसेवकांत निम्मे विकायच्या बाजूचे आहेत, निम्मे विरुद्ध. महापौर ज्या बाजूला, तिकडे निकाल. आर्डन गेल्यावर विक्रीच्या विरुद्ध एकटी मिशलिन उरली. आर्डनला पडलेलं प्रत्येक मत तिच्या हातून जातं.

हे लोकांना सांगायचं कसं, ते मला कळत नाही. मिशलिन आपलं भांडं परत न्यायला आली होती. म्हणाली, "ज्या अंगणात आर्डनची पाटी आहे तिथलं दार आम्ही वाजवत नाही."

"का?"

"बरं दिसत नाही, विनी. माणूस जाऊन किती दिवस झाले! दारात उभी राहून काय म्हणू मी, त्याचं मत आता मला द्या?"

"हो, तसंच म्हण," असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "अजून थोडा चहा घेतेस?"

ती गेल्यावर मी बाहेर पडले आणि मरेच्या अंगणातली पाटी उपटायला लागले. त्यांची पाकिटं अजून टपालात गेली नसतील, पाटी गेली तर मिशलिनची माणसं निदान दार तरी वाजवतील, असं वाटलं. पाटी हलली, वाकली, पण निघेना. तेवढ्यात मरे बाहेर आला. "वाऱ्याने वाकली वाटतं," म्हणाला. "तू कशाला त्रास घेतेस? सरक." त्याने हातोडी आणून ती आणखी खोल ठोकली. "आता हिवाळाभर हलायची नाही."

मी आभार मानले.

तू निदान तिथल्या सगळ्यांना सांग. मतं मिशलिनला द्या. उद्या सुट्टी आहे, हे पत्र मंगळवारीच निघेल.

तुझी,
विनी

टॅमरॅक लॉज, १३ ऑक्टोबर

विनी,

पत्र आत्ता मिळालं. गोधडी नव्हती, बाकही नव्हता.

माझा हिशेब असा होता की नाव मतपत्रिकेवर आहे, म्हणजे मत देता येतं. मत देता येतं, म्हणजे तो जिंकू शकतो. आणि गेलेला माणूस जिंकला, तर निवडणूक परत घ्यावी लागेल. तोवर घर विकता येणार नाही. यात चुकीचं काय आहे ते अजून मला कुणी समजावून सांगावं. तोंडाला मास्क लावून मी आणि लॉटी आर्डनसाठी मतं मागत इथल्या खोल्याखोल्यांतून फिरलो. मी बोलायचं, आणि समोरचा काय म्हणतो ते लॉटीने माझ्या कानात ओरडायचं. कुणी नाही म्हटलं नाही. हार्व्ही बोमनला आपल्या मुलाचं नाव आठवत नाही, पण आर्डनने त्याचा ट्रक कधी जास्त तोलला नाही हे आठवलं. त्याने खूण इतकी जोरात केली की कागद फाटता फाटता राहिला.

सगळ्यांची पाकिटं मंगळवारी सकाळी टपालात गेली. मीच मोजून थैलीत भरली.

तू डोरीनला भेट. ती पाकिटं परत मिळतात का विचार. एवढं कर.

ऑड्रे

हार्टवेल, १७ ऑक्टोबर

प्रिय ऑड्रे,

शुक्रवारी तुझं पत्र आलं आणि मी लगेच निघाले. बस नव्हती. मरेने सोडलं. वाटेत म्हणाला, "आभार मानायला चाललीस ना सगळ्यांचे? तुझ्यासारखी तूच."

डोरीनने सगळं ऐकून घेतलं. पाकीट एकदा कार्यालयात आलं की निकालाच्या दिवसापर्यंत कुणी उघडायचं नाही, असा नियम आहे. कुणाचं कुठलं ते शोधायचं नाही, परत द्यायचं नाही. "नियम चांगला आहे, विनी," ती म्हणाली आणि रडायला लागली. "खरंच चांगला आहे. असा नियम नसता तर कुणीही येऊन..." मी तिला हातरुमाल दिला. मग विचारलं, सूचना मोठ्या अक्षरांत लावता येईल का? ती म्हणाली, अक्षरांचा आकारसुद्धा ठरलेला असतो.

बाहेर पडताना डेलमोरने दार धरलं. पाऊस होता. म्हणाला, "चल, घरी सोडतो." मी नको म्हणू शकले नाही. रस्त्याने दोन्ही बाजूंना आर्डनच्या हिरव्या पाट्या होत्या. घराशी उतरताना तो म्हणाला, "मला त्याला सरळ हरवायचं होतं, विनी. असं नको होतं." मला वाटतं तो मनापासून बोलला. मी विचारलं, "ते घर विकायलाच हवं का?" म्हणाला, "छत गळतंय, बॉयलर गेलाय. आर्डनलाही मी हेच सांगत होतो. शेवटी त्याला पटलं असतं." आर्डनला पटलं नसतं. पण माझा हात त्याच्या गाडीच्या दाराला होता आणि मी भिजत होते.

मग मी साप्ताहिकाला तीन ओळी लिहून पाठवल्या. "माझे पती आता नाहीत. त्यांना मत देऊ नका, ते मोजलं जाणार नाही. मत जिवंत उमेदवाराला द्या." संपादक फार भला माणूस आहे. त्याला ते उघडंबोडकं वाटलं असावं. त्याने काळी चौकट घातली, आर्डनचा मासा धरलेला फोटो टाकला आणि छापलं, "आर्डन हॅगर्टी यांच्या कुटुंबातर्फे सर्वांचे आभार. आपली मतं आता इतरांसाठी मोकळी आहेत, असं श्रीमती हॅगर्टी नम्रपणे कळवतात." कालपासून लोकांचे फोन येतात. इतकं सुंदर लिहिलंय म्हणतात. मरेच्या बायकोने कापून ठेवलंय. "त्या ‘नम्रपणे’मुळे तर मी आणखीच रडले," म्हणाली.

मी मिशलिनकडे जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने फक्त डोकं हलवलं. म्हणाली, "आता बहुतेकांची पाकिटं गेली असतील."

मला माफ कर, असं लिहायला बसले होते. बाकीचंच लिहून झालं.

विनी

टॅमरॅक लॉज, २० ऑक्टोबर

प्रिय विनी,

तू पहिल्याच पत्रात सांगितलं असतंस तर. हे एकदाच म्हणते. परत म्हणणार नाही.

मी सगळ्यांना परत जाऊन सांगितलं. या वेळी लॉटी बरोबर आली नाही. काहींना कळलं, काहींना नाही. हार्व्ही म्हणाला, "मोजणार नाहीत म्हणजे काय? मी खूण केलीये!" मी म्हटलं, "हो हार्व्ही, केलीस." स्वयंपाकघरातली बाई म्हणाली, "ठीक आहे, दुसऱ्या फेरीत मिशलिनला देऊ." दुसरी फेरी नसते म्हटल्यावर तिने मला आणखी एक बिस्कीट दिलं. माझ्यावर कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

लॉटीला मी सगळ्यात शेवटी सांगितलं. तिने चाचपत माझा चांगला कान शोधला. मग माझ्या कानात ओरडली, "नाव मात्र छान वाचलं होतंस!"

साथ संपली आहे. सोमवारपासून जेवण हॉलमध्ये.

ऑड्रे

हार्टवेल, २६ ऑक्टोबर

प्रिय ऑड्रे,

रेडिओवर कळलंच असेल. डेलमोर निवडून आला. मिशलिन थोडक्यात हरली. नगरसेवक तसेच आहेत, निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे.

मी डोरीनला विचारलं, आर्डनला किती पडली. तिने ती मतं वेगळ्या खोक्यात ठेवली आहेत. ती मोजायची परवानगी तिला नाही. काही महिन्यांनी ती नष्ट करतात. खोकं मोठं होतं का, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही, विनी." मग म्हणाली, "एकटीने उचलवलं नाही मला."

निकालानंतर पाट्या काढायच्या असतात. लोकांना त्याच्या पाट्या कचऱ्यात टाकवेनात. म्हणून सगळ्यांनी त्या आणून आमच्या ओसरीवर ठेवल्या. पुसून, धुऊन, एकावर एक. काल संध्याकाळी दार उघडलं तर जाळीचं दार जेमतेम अर्धं उघडलं. मरेची पाटी मात्र त्याला उपटता आली नाही. खोल गेली आहे आणि जमीन गोठली आहे. ती वसंतापर्यंत तिथेच राहील.

तुझी,
विनी

हार्टवेल, २० जानेवारी

प्रिय ऑड्रे,

गेल्या आठवड्यात विक्रीवर नगर परिषदेची सभा झाली. बोलायला पाच मिनिटं मिळतात. डेलमोर म्हणाला, "श्रीमती हॅगर्टींनी हवा तेवढा वेळ घ्यावा." सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी तुझ्याबद्दल आणि लॉटीबद्दल सांगितलं, आणि दोघींना एका खोलीत ठेवा म्हटलं. आणखी बरंच ठरवून गेले होते, पण तेवढ्यातच संपलं. बाकीचा वेळ तसाच उरला.

त्यांनी माझे आभार मानले. मग हात वर केले. समसमान झाले, आणि डेलमोरने आपलं मत टाकलं.

दोघींना एकत्र ठेवायचा प्रयत्न करू, असं त्याने स्वतः येऊन मला सांगितलं. माझा कोट घालायला मदत केली. तेव्हापासून आमच्या दारातला बर्फ रोज कुणीतरी काढून जातं. त्यानेच पाठवलेला माणूस असावा. मी खिडकीतून हात करते.

विनी

एल्मव्हेल, ११ मे

प्रिय विनी,

पत्ता बदलला आहे, पाकिटाच्या मागे लिहिला आहे. इथे सगळं नवं आहे. छत गळत नाही, हे सांगायला हवं. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते.

लॉटीला उत्तरेला पाठवलं. तिकडे एक खाट होती. आमच्या आधी तिची गाडी आली. ती पायरीवरून ओरडून काहीतरी म्हणाली, पण त्या बाजूचा माझा कान वाईट आहे. ड्रायव्हरला विचारलं तर त्यानेही नीट ऐकलं नव्हतं.

निवडणुकीत मिशलिन किती मतांनी हरली ते तू लिहिलं नव्हतंस. मला पेपरात दिसलं. लॉटीला वाचून दाखवत होते तेव्हाच. फरक टॅमरॅक लॉजच्या जेवणाच्या हॉलमधल्या तीन टेबलांवर बसतील तेवढ्याच लोकांचा होता. मी ती ओळ गाळून पुढची वाचली. लॉटीने विचारलं, "का थांबलीस?" मी म्हटलं, चष्मा पुसतेय.

इथे आर्डनला कुणी ओळखत नाही. एक नर्स मुलगी बरी आहे, कागदावर लिहून बोलते. परवा गप्पांत तिने लिहिलं, तुमच्या शहरात निवडणूक झाली ना, तुम्ही कुणाला मत दिलं? मी सांगितलं, माझ्या भावाला. तिने मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, अरे वा! जिंकले का?

मी म्हटलं, "कुणी मोजलंच नाही."

तिला वाटलं, मला प्रश्न कळला नाही. तिने तो पुन्हा लिहिला.

मरेच्या अंगणातली पाटी निघाली असेल एव्हाना, तर ती मला हवी. बाकीच्यांचं तुला हवं ते कर.

लॉटीचा पत्ता सोबत पाठवते. तिला लिही. मी दर आठवड्याला लिहिते, पण थोडकंच. वाचून दाखवणाऱ्या मुलीला घाई असते.

तुझी,
ऑड्रे